बैलांच्या डोक्यावरचं तणस



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे गोंदियात जमतो, त्यांनी मला सातवीत विज्ञान शिकवलं. त्यांच्याच एका प्रश्नानं आज सुरुवात करतो. तेव्हा आठवडी बाजारात बर्फवाला यायचा. लाकडी पेटी, पेटीत धानाचा भुसा, भुशात बर्फाची लादी आणि वर ओलं पोतं. गुरुजींनी विचारलं, 'बर्फ भुशात का ठेवतात?' आम्ही एका सुरात ओरडलो, 'भुसा थंड असतो म्हणून!' गुरुजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरणीवरून पायलीभर भुसा आणला, टेबलावर ओतला आणि एकेकाला त्यात हात घालायला लावला. भुसा थंड नव्हता. गरमही नव्हता. 'भुसा थंड करत नाही रे,' गुरुजी म्हणाले, 'भुसा फक्त आडवा येतो. बाहेरच्या उन्हाला म्हणतो, थांब.'

आजचं माझं सगळं बोलणं या एका वाक्यात आहे. उन्हाला थांब म्हणणारं काहीतरी आपल्या घराच्या डोक्यावर हवं. ते आपल्या शेतात आहे, आपल्या गिरण्यांच्या मागे ढीग लागून पडलेलं आहे, आणि तरी आपण त्याच्याविना घरं बांधतो.

त्या बर्फाची आणखी एक हकीकत सांगतो. 1833 साली अमेरिकेतल्या बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज कलकत्त्याला पोहोचलं. जहाजाच्या पोटात काय होतं? बर्फ! हिवाळ्यात तळ्यावर गोठलेला, करवतीनं कापून काढलेला बर्फ. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्यानं तो पाठवला होता. निघाला तेव्हा 180 टन होता. चार महिने समुद्रात, दोनदा विषुववृत्त ओलांडून आला आणि तरीही सुमारे 100 टन शाबूत उतरला. कोणतं यंत्र होतं जहाजावर? कोणतंही नाही. झाडांच्या वाळवलेल्या सालीचा भुसा होता. तो आडवा आला होता.

आता भुशात असं असतं तरी काय? मित्रहो, भुशात हवा असते. मोकळी हवा फिरते, आणि फिरताना उष्णता एकीकडून उचलून दुसरीकडे नेऊन टाकते. पण तीच हवा बारीक बारीक पोकळ्यांत कोंडली, तर तिला फिरता येत नाही, आणि थांबलेल्या हवेतून उष्णता फार सावकाश जाते. थंडीच्या सकाळी चिमणी पिसं फुगवून बसते ते याचसाठी. आजीच्या हातची वाकळ ऊब देते तीही यामुळेच. पातळांचे थर आणि थरांमध्ये अडकलेली हवा, एवढीच वाकळीची करामत. धानाच्या फोलपटाची होडी, तणसाची पोकळ काडी, कापूस, नारळाचा काथ्या, लोकर, सगळ्यांचं काम एकच, हवेला बसवून ठेवणं.

थोडे आकडे सांगतो. कंटाळू नका, दोन मिनिटांत संपवतो. उष्णता किती सहज वाहते याचं एक माप असतं. सिमेंट काँक्रीटचं हे माप दीडच्या आसपास येतं. कोरड्या, मोकळ्या भुशाचं येतं 0.05 च्या आसपास. म्हणजे दोन इंच भुसा उन्हाला जितका अडवतो, तितकं अडवायला चार फुटांहून जाड काँक्रीट लागेल. चार फूट! आपण स्लॅब टाकतो चार-पाच इंचांचा.

आता माझ्या घराची गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे.

माझं गाव अर्जुनी-मोरगाव तालुक्यातलं. जुनं घर मातीचं, दीड हात जाडीच्या भिंतींचं, वर देशी कवेलू. पुढे परछी, आत माजघर. माजघरावर लाकडी पाटण आणि पाटणावर चार बोटं मातीचा थर. कवेलू तापायचे, पण कवेलू आणि पाटण यांच्यामध्ये पुरुषभर उंचीची पोकळी होती, आणि कवेलूंच्या फटींतून तिथली गरम हवा निघून जायची. बाजूला गोठा होता. गोठ्याच्या वर बांबूचा माचा आणि माच्यावर वर्षभराचं तणस, छातीइतक्या उंचीचं. खाली बैल.

1999 साली, भंडाऱ्यातून आपला गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, मी ते घर पाडलं. मी अभियंता झालो होतो, शहरात चार इमारती उभ्या केल्या होत्या, आणि आईला पक्क्या घरात ठेवायची माझी फार इच्छा होती. स्लॅब टाकला, नऊ इंची विटांच्या भिंती घेतल्या, बाहेरून रंग दिला. गोठा तेवढा तसाच राहू दिला. गावानं कौतुक केलं. पुढच्या मे महिन्यात मी दुपारी घरी पोहोचलो तर आई घरात नाही. शोधलं, तर ती गोठ्यात. बैलांच्या शेजारी खाट टाकून निजलेली. मला बघून उठली आणि म्हणाली, 'बैलाईले सावली अन् मानसाईले भट्टी. असा कसा घर बांधलास गा बाबू?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सातवीत शिकलेलं मी विसरलो होतो आणि बैलांच्या डोक्यावर मात्र ते शाबूत होतं.

त्या भट्टीचं कारण आपल्या आकाशात आहे. आपला गोंदिया साधारण साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर येतो. कर्कवृत्त त्याच्या जेमतेम दोन अंश वर. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी अंगणात काठी उभी रोवा, सावलीच पडत नाही. म्हणजे ज्या आठवड्यांत ऊन सगळ्यात कडक, त्या आठवड्यांत ते भिंतींना घासून जातं आणि छपरावर मात्र सरळ कोसळतं. पूर्वेच्या भिंतीला सकाळी, पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी ऊन मिळतं, पण दिवसभराचा मारा खातं ते छप्पर. आणि आपण घर बांधताना सगळी हौस कुठे करतो? समोरच्या भिंतीवर! टाइल्स समोर, रंग समोर, नक्षी समोर. वर काय? उघडा स्लॅब. मे महिन्यात त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. अनवाणी पाय ठेवून बघा.

आणि स्लॅबचा दुसरा स्वभाव आणखी वाईट आहे. तो उष्णता अडवत नाही, साठवतो. दुपारभर प्यायलेलं ऊन तो तीन-चार तासांनी खाली सोडायला लागतो. म्हणजे नेमकं आपण शेतातून, दुकानातून, शाळेतून घरी येतो तेव्हा. पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर येते. जाड मातीची भिंतही साठवते, मान्य. पण तिला उष्णता पार करायला दहा-बारा तास लागतात. दुपारचं ऊन आत पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते, बाहेर हवा उतरलेली असते, आणि माणसं अंगणात बाजा टाकून निजलेली असतात. घर आणि माणसाची झोप यांचं वेळापत्रक जुळलेलं होतं.

पण मला इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. जुन्या घराच्या आठवणीनं डोळे भरून येणं वेगळं आणि त्या घरात राहणं वेगळं. कवेलूचं घर लोकांनी उगाच सोडलं नाही. वांदरं एका उडीत पन्नास कवेलू फोडतात. जंगलाच्या काठच्या, नवेगावबांध-नागझिऱ्याकडच्या माणसाला हे सांगायला नको. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायचे, त्याला जाणती माणसं हवीत, ती आता मिळत नाहीत. सागाची मयाल आणि फाटे आणायचे कुठून? आणि भिंती पोतारणं, जमीन सारवणं हे सगळं कोणाच्या हातांनी व्हायचं? बायकांच्या. माझी आई स्लॅबखाली भाजत होती, पण सारवण सुटलं म्हणून सुटकेचा श्वासही तिनंच घेतला होता. पावसात गळणारं घर, भिंतीत बीळ करून बसलेला साप, हे सगळं खरं आहे. तेव्हा जुन्या घरातून घ्यायचं ते त्यामागचं गणित. तेच घर पुन्हा जसंच्या तसं बांधा, असं मी म्हणत नाही.

हे गणित कोणी मांडून दाखवलंच नाही असंही नाही, आणि त्यासाठी आपल्याला विदर्भाबाहेर जायचीही गरज नाही. 30 एप्रिल 1936 रोजी, वर्ध्याच्या ऐन उन्हाळ्यात, गांधीजी सेगावला राहायला गेले. सेगावचं पुढे सेवाग्राम झालं. तिथल्या कुट्या आजही उभ्या आहेत. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, खाली उतरलेली पडवी. आसपासचं सामान आणि आसपासचे कारागीर, हा तिथला आग्रह होता. आपण तिथे जातो, हात जोडतो, फोटो काढतो. दुपारी एक वाजता बापूकुटीतल्या भिंतीला तळवा लावून बघतो का? त्याच वर्ध्याजवळ दत्तपूरला 1976 साली देवेंद्रकुमारांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभं केलं. माती, बांबू, भाजकी मातीची कौलं यांवर तिथे अनेक वर्षं काम झालं, गावच्या कुंभाराला आणि गवंड्याला झेपेल असं घर कसं बांधावं यावर झालं. गोंदियाहून वर्धा किती लांब आहे? रेल्वेनं अर्ध्या दिवसाचाही प्रवास नाही.

आणि आता तर सरकारही हेच बोलतं. ऊर्जा दक्षता ब्युरोनं डिसेंबर 2018 मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. छपरातून किती उष्णता आत येऊ द्यायची याची मर्यादा तिनं घातली आहे. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना छपराच्या एका चौरस मीटरमधून 1.2 वॅटहून जास्त उष्णता जाता कामा नये. आपला उघडा स्लॅब किती जाऊ देतो? साडेतीन वॅटच्या पुढे. मर्यादेच्या तिप्पट. त्याच स्लॅबला दोन इंच भुशाची जोड द्या, हिशेब एका वॅटच्या खाली येतो. परदेशी फोम नको, काचेची लोकर नको. भुसा! पण ही संहिता 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या प्रकल्पांसाठी आहे. देवरीच्या, सालेकशाच्या दोन खोल्यांच्या घराला ती विचारत नाही. ज्या घरात कुलरचं बिल परवडत नाही, त्या घराला कोणी विचारायचं? ते आपणच विचारायला हवं.

म्हणून आता तुम्हाला कामाचं सांगतो. माझ्या घरी मी काय केलं ते.

धान भरडलं की शंभर किलोमागे साधारण वीस किलो भुसा निघतो. आपल्या जिल्ह्यात इतक्या राइस मिल आहेत, भुसा ही इथली दुर्मीळ गोष्ट नव्हे. बॉयलरला जातो, वीटभट्टीला जातो, उरलेला उडत राहतो. या भुशाचा एक गुण तुम्हाला ठाऊक असेल. तो पटकन पेट घेत नाही, धुमसत राहतो, आणि जळाला तरी पाचवा हिस्सा राख उरते. ती राख जवळजवळ सगळी सिलिका, म्हणजे वाळूचीच जात. धानाचं रोप चिखलातली ही सिलिका शोषून घेतं आणि दाण्याभोवती तिचं चिलखत घालतं. म्हणूनच भुसा लवकर कुजत नाही, जनावरं तो खात नाहीत, आणि किडींनाही तो रुचत नाही. निसर्गानं दाणा सांभाळायला जे केलं, ते माणूस सांभाळायला वापरायचं, एवढाच हा उद्योग.

गावच्या बुरडाकडून मी बांबूचे तट्टे विणून घेतले. बांबू आधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून वाळवला, नाहीतर भुंगा लागतो. स्लॅबच्या खाली एक वीत अंतरावर लाकडी पट्ट्यांची चौकट बांधली. भुसा चाळून घेतला. हे फार महत्त्वाचं, कारण भुशात कणी राहिली की उंदीर आलाच. चाळलेला भुसा तीन दिवस कडक उन्हात वाळवला, त्यात थोडा कोरडा चुना आणि बोरिक पावडर मिसळली, आणि जुन्या पोत्यांत सैलसर भरून, पोती दडपून चार इंच जाडीची करून, चौकटीवर ओळीनं मांडत गेलो. दडपायचं ते बेतानं. फार दाबलं तर हवा निघून जाते, आणि हवा गेली की भुशाचा सगळा गुणच गेला. खालून तट्टे ठोकले आणि तट्ट्यांना माती-शेणाचा पातळ हात दिला, म्हणजे धूळ खाली झडत नाही. विजेची एकही तार भुशातून नेली नाही. सगळ्या तारा पाइपात घालून भिंतीवरून फिरवल्या. यात कोणी हयगय करू नका. मार्च लागला की गच्चीला चुन्याचे दोन हात देतो, म्हणजे निम्मंअधिक ऊन वरच्या वरच परत जातं.

वर टिनाचे पत्रे असतील तर हेच करा, फक्त पत्रा आणि भुसा यांच्यात हातभर जागा सोडा आणि तिची दोन्ही टोकं जाळी लावून उघडी ठेवा. वरची तापलेली हवा वाऱ्यानं निघून गेली पाहिजे.

आता हिशेब ऐका. सरकारी योजनेतल्या घरकुलाचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर. एवढ्या छताला चार इंची थरासाठी पावणेतीनशे किलोच्या आसपास भुसा लागतो. म्हणजे चौदा क्विंटल धानाचा भुसा. चौदा क्विंटल धान! इथे शेतकरी बसले आहेत, त्यांना विचारा. साधारण एका एकराचा भुसा एका घरकुलाच्या छताला पुरतो.

तणसाचं काय, असं कोणीतरी नंतर विचारेलच. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वसाहतवाले गेले. तिथे झाडं नव्हती, दगड नव्हता, फक्त गवत होतं. त्यांनी गवताचे गठ्ठे दाबून विटांसारखे रचले, आत-बाहेर गिलावा दिला आणि घरं उभी केली. त्या मुलखातलं आर्थर गावचं 1928 सालचं पेंढ्याच्या भिंतींचं चर्च अजूनही उभं आहे. आपल्याकडे हार्वेस्टरमागे राहिलेलं तणस शेतात पेटवून दिलं जातं, ते बघताना मला ते चर्च आठवतं. तरीही आपल्या भागात तणसाच्या गठ्ठ्यांच्या भिंती बांधा असं मी सांगणार नाही. नेब्रास्का कोरडा आहे. आपल्याकडे बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत, आणि वाळवी वर्षभर जागी असते. शिवाय तणसावर पहिला हक्क जनावरांचा. मातीच्या विटांत, गिलाव्यात तणस जरूर कालवा, तिथे ते भेगा धरून ठेवतं. पण मोठं काम भुशाला द्या आणि ते छपराखाली, कोरड्या जागी द्या.

भिंतींबद्दल थोडक्यात बोलतो. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवून रचायच्या, म्हणजे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. याला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. सुमारे चौथाई विटा वाचतात आणि कोंडलेली हवा फुकट मिळते. पश्चिमेच्या भिंतीपुढे दोडक्याचा, वालाचा मांडव घाला. छतालगत झरोके ठेवा. आणि पावसाळ्याचंही ध्यानात असू द्या. जुलैमधला घाम भुशानं जात नाही, त्याला वारा लागतो. समोरासमोर खिडक्या नसतील तर कितीही भुसा घाला, श्रावणात तुम्ही मला शिव्या द्याल.

2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेत गावोगाव घरकुलं उभी राहिली. सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये, डोंगराळ आणि दुर्गम भागात 1 लाख 30 हजार, असं तिचं मूळ अनुदान. ज्या माणसाचा जन्म गळक्या छपराखाली गेला, त्याला पक्कं छत मिळालं. ही लहान गोष्ट नाही. पण 'पक्कं' या शब्दाचा अर्थ आपण फक्त सिमेंट आणि लोखंड असा करून ठेवला. त्याच योजनेसाठी केंद्र सरकारनं 'पहल' नावाचा संग्रह काढला. वेगवेगळ्या राज्यांच्या हवामानाला साजेसे घरांचे नमुने त्यात आहेत. आपल्या ग्रामपंचायतीत तो कोणी उघडून बघितला आहे का? आपल्या गवंड्यांना तो कोणी वाचून दाखवला आहे का? बिगारी काम करणारी पोरं नागपूर-हैदराबादला जाऊन स्लॅब शिकून येतात. भुशाचं छत शिकायला त्यांना कुठे जायची गरज नाही. बुरड आपल्यात आहे, बांबू आपल्यात आहे, मिल आपल्यात आहे.

तिरोड्याचा 3300 मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. आपल्याच जिल्ह्यात कोळसा जळतो आणि त्याची वीज तारांमधून दूर दूर जाते. त्यातली थोडी परत आपल्या कुलरमध्ये येते, आपणच तापवलेलं घर निववायला. मे महिन्याच्या दुपारी लाइट जाते, तेव्हा त्या घरातल्या लहान मुलाचं आणि म्हातारीचं काय होतं? भुसा मात्र लाइट गेल्यावरही आपलं काम करत राहतो. मला तो आवडतो तो मुख्यतः यासाठी.

आईनं भुशाच्या त्या छताखाली चार उन्हाळे काढले. पहिल्या उन्हाळ्यात तिनं मला काही म्हटलं नाही. एक दिवस गोठ्यातली खाट मात्र घरात आणून ठेवलेली दिसली. बैल आता नाहीत, गोठा आहे, माच्यावर थोडं तणसही आहे.

मे महिन्यात कुणालाही यावंसं वाटलं तर जरूर या. दुपारी दोन-अडीचच्या सुमारास या. आधी गच्चीवर जाऊ, पायांत चप्पल ठेवा. मग खाली येऊन स्टुलावर चढा आणि तट्ट्याला तळहात लावून बघा. त्यानंतर शेजारच्या खोलीत जाऊ. तिथे मी भुसा मुद्दाम भरलेला नाही, येणाऱ्याला फरक कळावा म्हणून. तिथल्या स्लॅबलाही हात लावा. पाणी माठातलं मिळेल.